उसने, विकत आणि परत



नोव्हेंबर २०२५ मध्ये नायजेरियातल्या बेनिन सिटी या शहरात एका नव्या संग्रहालयाचे दार उघडायचे होते. देशोदेशींचे पाहुणे जमले होते. उद्घाटनाला दोन दिवस उरले असताना निदर्शक आवारात घुसले, पाहुण्यांना घाईघाईने सुरक्षित जागी हलवावे लागले आणि उद्घाटन लांबणीवर पडले. भांडण कशावरून? तर एकशे अठ्ठावीस वर्षांपूर्वी इंग्रजांनी लुटून नेलेल्या आणि आता हळूहळू घरी परतू लागलेल्या पितळी मूर्ती आणि फलक नेमके कोणाचे, यावरून!

म्हटले तर बातमी फार लांबची. पण आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे असेल, 'हे कोणाचे?' हा प्रश्न दिसला की मला पुढे वाचल्याशिवाय राहवत नाही. गेल्या काही वर्षांत जगभरच्या संग्रहालयांत हाच विषय गाजतो आहे. म्हणून आज बेनिनची हकिकत सविस्तर सांगते. जरा लांबण लागेल, पण सांभाळून घ्या.

आधी एक घोळ निस्तरते. आज नकाशावर 'बेनिन' नावाचा एक स्वतंत्र देश आहे. तो म्हणजे पूर्वीचा दाहोमे, त्याने हे नाव १९७५ साली घेतले. आपली गोष्ट त्या देशाची नव्हे. ती त्याच्या शेजारच्या, आजच्या नायजेरियाच्या दक्षिण भागातल्या जुन्या बेनिन राज्याची. तिथले लोक एडो. त्यांच्या राजाला म्हणतात 'ओबा'. ही गादी आजही चालू आहे. २०१६ साली ओबा एवुआरे दुसरे तिच्यावर बसले. राजसत्ता गेली, मान मात्र राहिला.

या राज्यात ओतारकाम फार वरच्या दर्जाचे होते. आधी मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचा थर चढवायचा, भट्टीत तापवून मेण वितळवून काढून टाकायचे आणि उरलेल्या पोकळीत तापलेला धातूचा रस ओतायचा. थंड झाल्यावर माती फोडली की आत मूर्ती तयार. साचा एकदाच वापरता येतो, त्यामुळे दुसरी मूर्ती तंतोतंत तशी होत नाही. (आपल्याकडेही ही रीत जुनी आहे, बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त तिचे वर्णन आहे.) जग या वस्तूंना 'बेनिन ब्राँझ' म्हणते, पण त्यांतल्या बऱ्याचशा प्रत्यक्षात पितळेच्या आहेत आणि काही तर हस्तिदंताच्या.

पितळ आले कुठून? पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज तिथे पोहोचले. ते 'मनिला' नावाची, कड्याच्या आकाराची पितळी वळी घेऊन येत आणि मोबदल्यात मिरी, हस्तिदंत आणि... माणसे घेऊन जात. हो, गुलाम. जुन्या बुडालेल्या जहाजांतल्या मनिला तपासून २०२३ साली संशोधकांनी दाखवून दिले, की हे पितळ जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीच्या परिसरातून आलेले होते. जर्मनीतून निघालेला धातू बेनिनमध्ये वितळला, मूर्ती झाला आणि पुढे त्यातल्या शेकडो मूर्ती पुन्हा जर्मनीतच जाऊन पडल्या! ही गुलामांची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

एडो लोकांनी आपला इतिहास कागदावर लिहून ठेवला नव्हता. तो त्यांनी ओतून ठेवला होता. सोळाव्या शतकात ओबाच्या वाड्यातल्या खांबांवर पितळेचे चौकोनी फलक ठोकलेले असत. साधारण हातभर उंचीच्या या फलकांवर ओबा आहे, त्याचे सरदार आहेत, शिंगवाले आहेत, बिबटे आहेत, मासे आहेत आणि लांब केसांचे पोर्तुगीज शिपाईसुद्धा आहेत. ठोकलेल्या खिळ्यांची भोके आजही फलकांच्या कोपऱ्यांत दिसतात. ओल्फर्ट डॅपर नावाच्या डच लेखकाने १६६८ साली छापलेल्या पुस्तकात या खांबांचे वर्णन आहे. तो स्वतः आफ्रिकेत कधी गेला नाही, इतरांच्या नोंदींवरून त्याने लिहिले. याशिवाय ओबा वारला की गादीवर येणारा त्याचे शिर पितळेत ओतवून घेई आणि पूर्वजांच्या वेदीवर मांडी.

म्हणजे आपण ज्यांना 'कलावस्तू' म्हणतो त्या तिथल्या लोकांच्या लेखी बखर होत्या, वंशावळ होत्या, देव्हारा होत्या. एखाद्या घराण्याचे दफ्तर आणि देवघर एकाच वेळी उचलून नेले तर काय होईल, याची कल्पना करून पाहा. एडो भाषेत 'आठवणे' या अर्थाच्या शब्दाचा मूळ अर्थ 'धातूत ओतणे' असा आहे, असे त्या विषयाचे अभ्यासक सांगतात. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

आता १८९७ साल. इंग्रजांचा डोळा पाम तेलावर आणि रबरावर होता आणि ओबा ओव्होनराम्वेन आपल्या मुलखातल्या व्यापारावरचा हात सोडायला तयार नव्हता. जेम्स फिलिप्स नावाच्या अधिकाऱ्याने नोव्हेंबर १८९६ मध्ये वरिष्ठांकडे ओबाला पदच्युत करण्याची परवानगी मागितली. त्या पत्रात त्याने असाही हिशेब मांडला होता, की वाड्यात पुरेसे हस्तिदंत सापडेल आणि मोहिमेचा खर्च त्यातून भागेल. इतिहासात हेतू सिद्ध करणे अवघड असते, असे मी मुलांना नेहमी सांगायची. इथे तो हेतू स्वतः लिहून ठेवलेला आहे!

वरिष्ठांचे उत्तर हाती पडण्याआधीच फिलिप्स निघाला. तेव्हा बेनिनमध्ये इगुए नावाचा वार्षिक उत्सव चालू होता आणि त्या काळात ओबा परक्यांना भेटत नसे. 'आत्ता येऊ नका' असा निरोप मिळूनही तो पुढे गेला. जानेवारी १८९७ मध्ये वाटेत त्याच्या तुकडीवर हल्ला झाला. दोनच इंग्रज वाचले. बरोबरचे आफ्रिकी हमालही मोठ्या संख्येने मारले गेले. त्यानंतर सहा-सात आठवड्यांत ॲडमिरल रॉसनच्या हाताखाली सुमारे बाराशे सैनिकांची 'शासन करणारी' मोहीम चालून गेली. १८ फेब्रुवारीला शहर पडले. वाडा लुटला गेला, शहराला आग लागली. ओबाला कॅलाबारला हद्दपार केले, तिथेच तो १९१४ साली वारला. इंग्रजांची किती माणसे गेली हे नोंदलेले आहे. बेनिनची किती गेली, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बेनिनमध्ये नरबळी दिले जात. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याच्या भडक बातम्या छापून मोहिमेचे समर्थन केले. नरबळी वाईटच, त्यात दुमत नाही. पण नरबळी थांबवायला जाणारा माणूस परत येताना वाड्याच्या खांबांवरचे फलक का घेऊन येतो?

लुटीतला बराचसा माल लंडनमध्ये विकला गेला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ब्रिटिश म्युझियमने सुमारे तीनशे फलक मांडले. पाहणारे चक्रावून गेले. आफ्रिकेतल्या 'रानटी' लोकांना हे जमलेच कसे? मग पोर्तुगीजांनी शिकवले असेल, इजिप्तमधून आले असेल, असे तर्क सुरू झाले. बर्लिनच्या संग्रहालयातल्या फेलिक्स फॉन लुशानने मात्र खूप खरेदी केली आणि स्पष्ट म्हटले, की इटलीचा थोर ओतारी चेल्लिनी यालाही यापेक्षा सरस काम करता आले नसते. २०२२ साली 'डिजिटल बेनिन' नावाच्या सूचीत पाच हजारांहून अधिक वस्तूंची नोंद होती आणि त्या वीस देशांतल्या १३१ संस्थांत विखुरलेल्या होत्या. एका पोथीची पाने वीस गावांत वाटली गेली म्हणा ना!

आता मुख्य मुद्द्याकडे येते. गेलेली वस्तू घरी येण्याचे तीन मार्ग असतात. उसनी येणे, विकत येणे आणि परत येणे. दिसायला तिन्ही सारखेच. वस्तू येते, हारतुरे होतात, छायाचित्रे निघतात. पण या तीन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि नायजेरियाने तिन्हींचा अनुभव घेतला आहे.

पहिल्यांदा विकत. १९५० च्या सुमारास लागोसमध्ये संग्रहालय उभारायचे ठरले (ते १९५७ साली उघडले). तेव्हा ब्रिटिश म्युझियमने आपल्याकडचे काही फलक 'दुबार' ठरवून विकले आणि त्यांतले बरेच नायजेरियाच्या सरकारने पैसे मोजून घेतले. आपल्याच घरचे, आपण विकत! आणि साचा एकदाच वापरायच्या कामात 'दुबार' कसले, हा प्रश्न निराळाच. असे तीसहून अधिक फलक १९७० च्या आसपासपर्यंत वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकले गेले.

मग उसने. १९७७ साली लागोसमध्ये काळ्या आणि आफ्रिकी लोकांचा मोठा कलामहोत्सव भरला, 'फेस्टॅक ७७'. त्याचे बोधचिन्ह होते ओबा एसिगीची आई राणी इडिया हिचा हस्तिदंती मुखवटा. मूळ मुखवटा ब्रिटिश म्युझियममध्ये. नायजेरियाने तो महोत्सवापुरता मागितला. मिळाला नाही. शेवटी तिथल्या कारागिरांनी नवा कोरला आणि महोत्सव पार पाडला.

'परत' या शब्दाला दिवस आले ते अलीकडे. २०१७ साली फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रों यांनी बुर्किना फासोच्या राजधानीत आफ्रिकेचा वारसा परत करण्याची भाषा केली. पुढच्या वर्षी फेल्विन सार आणि बेनेदिक्त साव्वा या दोन अभ्यासकांचा अहवाल आला. २०२१ साली फ्रान्सने २६ वस्तू त्या दुसऱ्या बेनिनला, म्हणजे जुन्या दाहोमेला दिल्या. त्यावर मती दियॉप यांनी केलेल्या 'दाहोमे' या माहितीपटाला २०२४ साली बर्लिन महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

आपल्या बेनिनच्या बाबतीत पहिले पाऊल टाकले ते एका कोंबड्याने! केंब्रिजच्या जीझस कॉलेजच्या भोजनगृहात १९०५ पासून बेनिनचा एक पितळी कोंबडा होता. विद्यार्थ्यांनी आवाज उठवल्यावर २०१६ साली तो तिथून हलवला गेला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये नायजेरियाच्या हवाली केला गेला. दुसऱ्याच दिवशी ॲबरडीन विद्यापीठाने एका ओबाचे शिर दिले. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ते असे. पुढे २०२२ साली जर्मनीने अकराशेहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाकडे देण्याचा करार केला आणि डिसेंबरमध्ये तिथल्या परराष्ट्रमंत्री बेअरबॉक स्वतः वीस वस्तू घेऊन अबुजाला गेल्या. त्याच वर्षी अमेरिकेच्या स्मिथसोनियनने २९ आणि लंडनच्या होर्निमन संग्रहालयाने ७२ वस्तूंची मालकी सोडली. २०२५ साली नेदरलँड्सने ११९ वस्तू दिल्या.

जर्मनीच्या करारातली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. सगळ्या वस्तू जहाजात भरून पाठवलेल्या नाहीत. काही तिथेच संग्रहालयांत राहिल्या, पण नायजेरियाकडून उसन्या म्हणून! आधी मालकी दिली, मग मालकाला विचारून ठेवून घेतल्या. वस्तू जागची हलली नाही, पण तिच्याखालची पाटी बदलली. न्याय म्हणतात तो हाच.

ब्रिटिश म्युझियममध्ये नऊशेहून अधिक वस्तू आहेत. १९६३ च्या कायद्याने त्यांना वस्तू देऊन टाकण्याची मुभा नाही, असे ते सांगतात. कायदा आहे खरा. पण कायदा संसदेने केलेला असतो, तो काही दगडावरची रेघ नसतो. दुसरा युक्तिवाद असे, की आमच्याकडे वस्तू सुरक्षित आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये उघड झाले, की त्याच संग्रहालयातल्या सुमारे दोन हजार वस्तू चोरीला गेल्या, गहाळ झाल्या किंवा खराब झाल्या आहेत. संचालकांना पायउतार व्हावे लागले. अर्थात नायजेरियाची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. १९७३ साली जनरल गोवन यांनी लागोसच्या संग्रहालयातले एक शिर इंग्लंडच्या राणीला भेट म्हणून दिले होते आणि ते अस्सल असल्याचे पुढे निघाले.

तिसरा युक्तिवाद मात्र विचार करायला लावणारा आहे. 'परत द्यायचे, पण कोणाला?' मार्च २०२३ मध्ये नायजेरियाचे तेव्हाचे अध्यक्ष बुहारी यांनी या वस्तूंचा मालक ओबा असल्याचे जाहीर केले. ते कळताच युरोपात कपाळाला आठ्या पडल्या. आम्ही जनतेला दिले आणि ते एका राजाच्या घरात गेले की काय! इकडे एडो राज्याचे माजी गव्हर्नर ओबासेकी यांच्या पाठिंब्याने आणि परदेशी देणग्यांतून जे नवे संग्रहालय उभे राहिले, त्याला ओबांचा विरोध. आम्ही त्या वस्तूंवर हक्क सांगत नाही, असे संग्रहालय सांगत राहिले, पण २०२५ च्या नोव्हेंबरात काय झाले ते सुरुवातीला सांगितलेच. आणि तिसरा आवाज अमेरिकेतून. तिथल्या गुलामांच्या वंशजांची एक संघटना म्हणते, की ज्या मनिला वितळवून या मूर्ती घडल्या, त्या आमच्या पूर्वजांना विकून मिळालेल्या होत्या. मग आमचा वाटा कुठे? त्यासाठी त्यांनी २०२२ साली कोर्टाची पायरीही चढली.

यातला कोणताच दावा मला हसण्यावारी नेता येत नाही. तिसरा तर मुळीच नाही. बेनिनचे राजे नुसते लुटले गेलेले नव्हते, एके काळी त्यांनी माणसे विकलीही होती. इतिहासात निर्मळ मालक शोधायला गेलात तर हाती फारसे कोणी लागणार नाही.

पण म्हणून वस्तू लुटणाऱ्याकडेच राहू द्यायची का? आपल्याकडे भाऊबंदकी काही नवी नाही. वाटण्यांवरून भाऊ कोर्टात जातात, पिढ्यान्‌पिढ्या बोलत नाहीत. पण समजा, गावातल्या एखाद्याने त्या घरातून आजीच्या पाटल्या दांडगाईने नेल्या आहेत आणि तो म्हणतो आहे, 'आधी तुमच्यात ठरवा, मग देतो. तोवर माझ्याकडेच बऱ्या.' हे कोण मान्य करील? भावांचे भांडण भावांनी मिटवायचे. ते नीट भांडले नाहीत तरी पाटल्या त्यांच्याच घरच्या. उलट मी तर म्हणेन, आपल्या वारशावरून आपल्याच अंगणात भांडण्याचा हक्क हासुद्धा त्या पाटल्यांबरोबर परत मिळालेला असतो. १८९७ पासून तोही त्यांच्याकडे नव्हता.

हे लिहिताना आपल्या घरचे आठवणे साहजिकच आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखे साताऱ्याला आली. साताऱ्याला इंग्रजांचा अधिकारी असलेल्या आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापणाऱ्या जेम्स ग्रँट डफकडची ती. ती महाराजांनी अफझलखानावर वापरलेलीच, हे खात्रीने सांगता येत नाही, असे ते संग्रहालयच म्हणते. स्वागत दणक्यात झाले, पण ती आली तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नागपूरकर भोसल्यांच्या पहिल्या रघूजींची तलवार मुंबईला आली. राज्य सरकारने लंडनच्या लिलावात ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली होती, म्हणजे विकत. दोन्ही वेळा लोकांना आनंद झाला, मलाही झाला. पण आपण तिन्ही प्रकारांना सरसकट 'परत आली' असेच म्हणतो, तिथे माझ्यातली बाई तांबडी पेन्सिल शोधू लागते. शब्द नेमका वापरला तरच पुढे काय मागायचे राहिले आहे ते कळते.

आमच्या लहानपणी प्रत्येक भांड्यावर नाव घातलेले असे. लग्नकार्यात आळीभरची पातेली एकत्र यायची आणि नंतर नाव वाचून ज्याची त्याला जायची. आणि शेजारणीचे भांडे रिकामे परत पाठवायचे नाही, चमचाभर साखर तरी घालायची, ही रीत. बेनिनच्या भांड्यांवर अक्षरे नाहीत, पण घराण्याची सगळी चित्रे आहेत. नाव पटायला तेवढे पुरे. ज्या संग्रहालयांनी वस्तूंबरोबर जुन्या नोंदी, छायाचित्रे, शंभर वर्षांचा अभ्यासही खुला केला आहे, त्यांनी भांड्यात साखर घातली असे मी मानते.

बेनिन सिटीत इगुन नावाचा रस्ता आहे. तिथे ओताऱ्यांची जुनी घराणी अजून काम करतात. वाडा जळला, राजा परागंदा झाला, फलक वीस देशांत गेले, पण मेण वितळवून पितळ ओतायचे हातांनी सोडले नाही. त्या घराण्यातल्या मुलांना आपल्या पणजोबांच्या पणजोबांचे काम पाहायला विमानाचे तिकीट आणि व्हिसा लागू नये, एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

तुम्हाला काय वाटते? विशेषतः परदेशी असलेल्या भाचरांनी आणि नातवंडांनी आपल्या गावातल्या संग्रहालयात जाऊन वस्तूंखालच्या पाट्या जरा नीट वाचाव्यात. वस्तू कोणाची हे लिहिलेले असते. कशी आली हे लिहिले आहे का, ते पाहून मला कळवा.